रशियन सिरीयल बघून सासूबाई पोट धरून हसतात आणि आम्ही नुसते बघत बसतो, यात विनोद नक्की कुठे आहे?

जीरावन_जास्त (इंदूर)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका, म्हणजे हसलात तरी चालेल कारण प्रश्न हसण्याचाच आहे.

माझी लेक काझानला एमबीबीएस करतेय, तिसरं वर्ष. शिकवणं इंग्रजीत असतं पण पुढे वॉर्डात जायचं तर पेशंट रशियनच बोलणार, म्हणून भाषा सुधारायला कोणा सीनियरने तिला एक फॅमिली कॉमेडी बघायला सांगितली, "व्होरोनिनी". आता सुट्टीत घरी आली आहे तर इथेही रोज रात्री जेवणं झाली की मोबाईल टीव्हीला जोडून तीच लावून बसते. एक नवरा आहे, पेपरात स्पोर्ट्सचं लिहितो, त्याची बायको, तीन पोरं, नवऱ्याचे आईवडील शेजारच्याच फ्लॅटमधे, आणि एक थोराड मोठा भाऊ, पोलिसात आहे पण राहतो अजून आईबापाकडेच. बस्स, एवढंच. कुठे जाणं नाही येणं नाही, सोफा, किचन आणि दार.

आमचे हे आणि मी खाली येणारी आपोआप इंग्रजी सबटायटलं वाचत बसतो आणि आम्हाला काहीएक हसू येत नाही. सबटायटलंही अशी की नवरा चिडला की खाली येतं "पॅनकेक!". का? समोर टेबलावर पॅनकेक नसतो.

आणि सासूबाई, वय वर्षं ८१, एका कानाला मशीन, रशियनचा एक शब्द येत नाही, इंग्रजी वाचत नाहीत, त्या कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असतात आणि बरोब्बर वेळेवर हसतात. परवा त्यातली सासू सुनेच्या किचनमधे शिरली, गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं, काही न बोलता झाकण परत ठेवलं. इथे सासूबाईंच्या हातातली वात खाली पडली इतक्या हसल्या, डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं आई काय झालं, तर म्हणे "काही नाही गं, तू बघ".

तर मला कोणी समजावून सांगाल का की या विनोदात मला न दिसलेलं असं काय आहे? आम्ही राजेंद्र नगरला, खाली सासूबाई वर आम्ही, आणि त्या वर येतात तेव्हा दार वाजवत नाहीत, हे आपलं माहितीसाठी सांगितलं.

भिया_एक_मिनिट (इंदूर)

ताई, ही रशियन वगैरे काही नाहीये, अमेरिकन माल आहे. "एव्हरीबडी लव्ज रेमंड", १९९६ ते २००५, २१० एपिसोड. रशियनांनी राइट्स घेऊन २००९ मधे चालू केली. आणि हीच फॅमिली आपल्याकडे पण येऊन गेली, २०१५ मधे स्टार प्लसवर "सुमित संभाल लेगा", दिल्लीचे वालिया, बाप सतीश कौशिक आणि आई कोण तर आपल्या भारती आचरेकर. काही महिन्यांत बंद पडली. सासू एकच आहे, न्यूयॉर्कला आहे, मॉस्कोला आहे, दिल्लीला आहे, राजेंद्र नगरला तर आहेच 😄

जीरावन_जास्त (इंदूर)

भिया तू सांगितलंस ते कळलं पण मग ती रशियात चालली आणि इथे बंद पडली हे कसं? आणि आमच्या सासूबाईंनी "सुमित" वाली बघितली होती तेव्हा, कारण भारती आचरेकर आहेत म्हणून मुद्दाम लावली होती. त्यात हसल्या नव्हत्या. म्हणजे हसल्या असतील एखाददोन वेळा. अशा नाही.

चहात_मुरांबा (इंदूर)

मी या धाग्याची वाटच बघत होते असं समजा. मी पुण्यात रशियन शिकले, बरीच वर्षं अनुवादाची कामं केली, लग्नानंतर सुदामा नगरात आले आणि इथे रशियन बोलायला कुत्रं नाही, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी तुमचा पॅनकेक. रशियनमधे "ब्लिन" म्हणजे ते पातळ धिरडं, खरंच खायचं. पण एक अगदी घाणेरडी शिवी त्याच अक्षरांनी सुरू होते, ती तोंडातून निघता निघता समोर आई दिसली की माणूस गाडी वळवून "ब्लिन" म्हणतो. आपण "आयला" म्हणतो, पुढचं गिळतो, तसंच. आता मशीनला काय माहीत, ते बिचारं प्रामाणिकपणे पॅनकेक लिहितं. तसंच "दा न्येत, नावेर्नये" असं काही आलं तर खाली "होय नाही कदाचित" दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की "नसेल बहुतेक". हे इंग्रजीत वेड्यासारखं वाटतं पण आपण दिवसभर "हो नाही, म्हणजे तसं नाही" करतोच की. म्हणून पहिला सल्ला, ती इंग्रजी सबटायटलं बंद करा. तुमच्या सासूबाईंना ती वाचता येत नाहीत हाच त्यांचा फायदा आहे. गंमत नाही करत.

का ते सांगते. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू". रशियनमधे "ती" आणि "व्ही", म्हणजे सरळ आपलं तू आणि तुम्ही. त्या मालिकेत सून, वेरा, सासूला कधी आई म्हणत नाही, "गलिना इव्हानोव्ना" म्हणते, नाव आणि वडिलांचं नाव, आणि बरोबर "तुम्ही". आदराची रीत आहे ती. आणि सासू तिला "वेरच्का" म्हणते, म्हणजे वेरूबाळ, आणि "तू". आता भांडण पेटलंय, सून रागाने लाल झालीये, आणि तरी तिला "गलिना इव्हानोव्ना, तुम्ही" म्हणूनच ओरडायला लागतंय. आणि सासू जितकी आतून कडू तितकं तिचं "वेरच्का" गोड. विनोद वाक्यात नाहीये हो, वाक्य तर साधं असतं, "तू कटलेट केलेस का, छान, मी पण आणलेत". विनोद त्या "तू", "पण" आणि "वेरच्का" मधे आहे. इंग्रजीत गेलं की ते सगळं गाळणीत राहतं आणि खाली पाणी येतं. मराठी कानाला ते सूर फुकट कळतात, शब्द न कळता. "आई, तुम्ही बसा नं, मी करते" हे वाक्य किती प्रकारे म्हणता येतं ते मला सांगायची गरज नाही, तुम्हालाही नसावी.

नात्यांचं तर विचारूच नका. इंग्रजीत सगळे "इन-लॉ", कायद्याने जोडलेले. रशियनमधे नवऱ्याची आई "स्व्येक्रोव्ह", ही आपली संस्कृतातली श्वश्रू, सासू. नवऱ्याचा भाऊ "द्येव्येर", म्हणजे देवर, आपला दीर. सुनेला नेहमीचा शब्द वेगळा आहे पण जुना शब्द "स्नोखा", ही स्नुषा, म्हणजे आपली सूनच. हे उसने घेतलेले शब्द नाहीत, भाषांचं गोत्रच एक आहे. फक्त बायकोच्या आईला त्यांच्याकडे अगदी निराळा शब्द, "त्योश्चा", आणि रशियन माणसांचे जन्मभराचे पाचकळ जोक त्या बिचाऱ्या त्योश्चावर असतात, जावयाच्या बाजूने सांगितलेले. ही मालिका नवऱ्याच्या आईवर आहे, सुनेच्या बाजूने, त्यामुळे तिथल्या बायकांना जवळची वाटली असणार असा माझा आपला अंदाज.

आणि नाव! आपलं कसं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यांचंही तसंच. नवरा कोन्स्तान्तिन निकोलायेविच व्होरोनिन, वडील निकोलाय पेत्रोविच व्होरोनिन. घरात कोन्स्तान्तिनचा कोस्त्या होतो, लिओनिदचा ल्योन्या, जसा प्रमोदचा पम्या. पोलिसातला सव्वासहा फुटी वाटावा असा ल्योन्या, आणि आई त्याला हाक मारते ती पाळण्यातल्या नावाने. व्होरोना म्हणजे कावळा, तेव्हा व्होरोनिन म्हणजे आपले कावळे. कावळे कुटुंब. माझ्या ओळखीत एक कावळे आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले आमच्याकडे पण असंच आहे.

नो_लाफ_ट्रॅक (इंदूर, विजय नगर)

सॉरी पण मला हे सगळं फार गोड गोड वाटतंय. सासू खडूस, सून स्वयंपाकात ढ, नवरा आईच्या पदरामागे, बाप सोफ्यावर, आणि दर वाक्याला मागून टेप केलेलं हसू. २०२० नंतर पण आपण यावर हसायचं का? मी एक एपिसोड बघितला, सतरा मिनिटांत बंद केला. आजी हसतात कारण मागून हसण्याचा आवाज येतो, सिंपल. माणूस हसण्याला हसतो, यात श्वश्रू-बिश्रू कुठून आणलं.

चहात_मुरांबा (इंदूर)

हसण्याचा टेप आहे हे मान्य, आणि मलाही त्याचा वैताग येतो. पण मग तो टेप मूळ पोस्ट लिहिणाऱ्या ताईंना आणि त्यांच्या ह्यांनाही ऐकू येत होता, ते का नाही हसले? आणि आजींच्या तर एका कानाला मशीन आहे 🙂

स्टिरिओटाइपचं म्हणाल तर त्यावर एक खरी गोष्ट आहे. मूळ अमेरिकन मालिकेचा कर्ता फिल रोझेन्थाल स्वतः मॉस्कोला गेला होता यांना मदत करायला, आणि त्यावर त्याने "एक्स्पोर्टिंग रेमंड" नावाची डॉक्युमेंटरीच केली, २०१० ची. तिथे कपडेपटवाल्या बाईंचं म्हणणं असं की सून घरात असली तरी फॅशनेबल, झकपक कपड्यांतच दिसायला पाहिजे, लोक टीव्ही बघून कपडे कसे घालायचे ते शिकतात. हा गृहस्थ परोपरीने सांगतोय की अहो ती घर आवरतेय, तीन पोरांच्या मागे धावून थकलीये, थकलेली दिसली नाही तर विनोद कशावर करायचा. आता मला सांगा आपल्याकडच्या सिरीयलींमधे काठापदराची साडी नेसून, गळ्यात ठुशी घालून पोळ्या लाटणाऱ्या सुना कुठून आल्या? तेच भांडण. त्या डॉक्युमेंटरीत तो सारखा म्हणतो खरं ठेवा, खरं ठेवा, आणि समोरचे म्हणतात साहेब, हे रशिया आहे. दोघांचंही थोडं बरोबर होतं असं मला वाटतं.

आणि ती नुसती कॉपी राहिली असती तर २१० एपिसोडांनंतर संपली असती. २००९ ते २०१९ चालली, २४ सीझन, साडेपाचशेच्या वर भाग. म्हणजे अर्ध्याहून जास्त तर तिथल्याच लोकांनी बसून लिहिली.

भिया_एक_मिनिट (इंदूर)

साडेपाचशे?? आमच्याकडे तर तेवढे भाग एका सिरीयलीत लग्न ठरेपर्यंत होतात 😂

भिलाईवाले_काका (इंदूर)

मला मालिका माहीत नाही पण रशियन कुटुंबं माहीत आहेत म्हणून लिहितो. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा रशियाशी करार ५५ सालचा, पहिली भट्टी ५९ ला पेटली, वडील तेव्हापासून तिथे नोकरीला, आणि आम्ही साठच्या दशकात शाळेत जाणारी पोरं. तेव्हा ते सगळं मध्य प्रदेशच होतं. रशियन इंजिनियर बायकामुलांसकट यायचे.

एकदा दिवाळीत आईने वाटीभर करंज्या घेऊन मला बरोबर घेतलं आणि जवळच्याच एका रशियन बाईंकडे गेली. दार उघडलं, आईने वाटी पुढे केली, तर बाई एकदम "न्येत, न्येत" करत मागे. आईचा चेहरा पडला. तेवढ्यात त्या बाईने आईचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं आणि मग हसत हसत वाटी घेतली. उंबऱ्यावरून देणंघेणं करायचं नाही, हात पण मिळवायचा नाही, हे त्यांच्यात असतं. आता आई पण तशीच, उंबऱ्यावर नरसिंह असतो म्हणून आम्हाला कधी तिथे उभं राहून काही देऊ घेऊ द्यायची नाही, फक्त परक्या बाईला कसं सांगायचं म्हणून गप्प होती. मग दोघी जणी, एकीला हिंदी येत नाही एकीला रशियन, अर्धा तास खुणांनी एकमेकींना उंबरा दाखवून हसत होत्या. आत जाताना चपला काढायच्या आणि पाहुण्याला घरातल्या स्लीपर द्यायच्या, प्रवासाला निघायच्या आधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, घरात शिट्टी वाजवली तर पैसा जातो, असं त्यांचं पुष्कळ होतं. त्यामुळे आजी का हसल्या हे मला तरी नवल वाटत नाही. अमेरिकन माणसाला आई न सांगता घरात आली हाच जोक असतो. रशियन काय आपण काय, आई न सांगता येणारच, जोक त्याच्या पुढे सुरू होतो.

नो_लाफ_ट्रॅक (इंदूर, विजय नगर)

काका, हे शेवटचं वाक्य पटलं. करंज्या पण पटल्या. बाकी टेपबद्दल मी मागे हटत नाही.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

चहात_मुरांबा, तुम्ही नावांचं लिहिलंत त्यावरून आठवलं, "पापिनी दोच्की" बघितलीये का? बाबांच्या मुली. ती कोणाची कॉपी नाही, तिथलीच, २००७ ते २०१३, ४१० भाग. बाप मानसोपचारवाला, लोकांचे संसार सांधतो आणि स्वतःची बायको पाच मुली टाकून निघून गेलेली. त्यातली चौथी मुलगी हुशार, चष्मेवाली, आणि एवढ्याशा पोरीला घरात सगळे "गलिना सेर्गेयेव्ना" म्हणतात. पूर्ण मानाचं नाव! मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं तरी दर वेळेला तिच्या नावाला हसायचे, कारण आमच्या लष्करातल्या वाड्यात एक पाच वर्षांचा मुलगा होता त्याला सगळे "आबासाहेब" म्हणायचे आणि तो त्याला ओ देऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा.

अजून एक, "माझी सुंदर आया" म्हणावं अशी एक होती २००४ ची, ती पण मूळ अमेरिकनच, पण आया कुठली तर युक्रेनमधल्या मारिउपोलची, दक्षिणेकडच्या गावंढळ उच्चारात बोलणारी, आणि मॉस्कोतल्या बड्या घरात नोकरी. तिने तोंड उघडलं की सगळे भुवया वर करतात. हा विनोद मला शंभर टक्के कळतो. पुण्याला जाऊन "मी उद्या येऊन राहिले" म्हणून बघा एकदा.

भिया_एक_मिनिट (इंदूर)

पुण्यात मी दुकानात "भैया वो वाला" च्या ऐवजी नीट मराठीत "ते वालं दाखवा" म्हटलं होतं. माणूस मला हिंदीत उत्तर देऊन राहिला होता. आजपर्यंत.

जीरावन_जास्त (इंदूर)

मंडळी किती लिहिलंत, धन्यवाद. काल मी प्रयोग केला. सबटायटलं बंद केली. आमचे हे म्हणाले आता तर काहीच कळणार नाही, आणि पाच मिनिटांत पेपर घेऊन बसले. मी मात्र लेकीला सांगितलं तू मधे मधे भाषांतर करू नकोस आणि टीव्हीकडे बघायचं सोडून सासूबाईंकडे बघत बसले.

तर त्या वाक्यांना हसतच नाहीत. वाक्याच्या आधी हसतात. त्यातली सासू हातात डबा घेऊन आत येते, अजून तोंड उघडलेलं नाही, सून पाठमोरी आहे, तिचे खांदे थोडेसे वर जातात, बस्स तिथे यांचं हसू. मला लख्ख आठवलं की त्या जिन्याने वर येतात तेव्हा माझे खांदे वर जातात. जिन्याची पाचवी पायरी वाजते आमच्याकडे. म्हणजे इतकी वर्षं त्यांना ते पाठीमागून दिसत होतं. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत, वाती मात्र भराभर वळून राहिल्या होत्या. मग थोड्या वेळाने मी विचारलं की आई, तुम्ही नक्की कोणाला हसता, सासूला का सुनेला, तर म्हणाल्या "मला पण सासू होती की". त्यांच्या सासूबाई रामबागेतल्या वाड्यात राहायच्या, फार कडक, आणि म्हणे झाकण उचलून परत ठेवायची तीच त्यांची सवय. एक शब्द बोलायच्या नाहीत. "बोलली असती तर बरं झालं असतं गं."

आणि आज सकाळी पोहे करत होते तर पाचवी पायरी वाजली. मी मुद्दाम मागे वळून झाकण स्वतःच उचललं आणि म्हटलं या, गलिना इव्हानोव्ना. आधी कळलं नाही, मशीन नीट करून परत विचारलं, मग जे हसल्या की ठसकाच लागला. पोह्यात मीठ कमी आहे हे मात्र सांगितलंच.

लेक पुढच्या आठवड्यात परत जातेय. सासूबाईंना एकच काळजी आहे, त्यांनी विचारायला सांगितलंय म्हणून विचारते, त्या थोरल्याचं, पोलिसातल्याचं, लग्न जमतं का शेवटी? आई त्याच्याकडे लक्षच देत नाही म्हणून त्यांचा जीव तुटतोय. लेकीने अजून तिथपर्यंत बघितलेलं नाही.

चहात_मुरांबा (इंदूर)

जमतं, जमतं. मुलीचं नाव नास्त्या.

जीरावन_जास्त (इंदूर)

सांगितलं. देवापुढे साखर ठेवली त्यांनी.